संडासाला किती पैसे द्याल? मुळशीतल्या घरांचा हिशोब समजून घेताना

आजचा विषय ऐकून आयोजकांपैकी एकाने आम्हाला हसत विचारलं होतं, "संडासावर तासभर काय बोलणार?" त्यांना म्हटलं, तास कमी पडेल. कारण या विषयात अर्थशास्त्र आहे, भूगर्भ आहे, जात आहे, नवरा-बायकोतला व्यवहार आहे आणि पाऊस तर आहेच.

सुरुवात एका प्रसंगाने करू. मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटाकडच्या एका वाडीत आम्ही ऑगस्ट महिन्यात गेलो होतो. भाताची लावणी उरकली होती, पाऊस सुरूच होता. एका घरामागे योजनेतून बांधलेला संडास होता. पत्र्याचं दार, वर रंगाने लिहिलेला क्रमांक. आत मात्र सरपण रचलेलं. आम्ही घरातल्या काकूंना विचारलं, "काकू, वापरत का नाही?" त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात खड्डा भरतो, पाणी उलटं वर येतंय. उन्हाळ्यात पाणी नसतंय. मग वापरायचं कवा?" आम्ही पुढचा प्रश्न विचारला, "समजा पावसाळ्यातही चालेल असा चांगला संडास बांधायचा, तर किती पैसे घालाल?" काकू हसल्या. "मला काय इचारता? पैसं मालक घालतील. मी फक्त जागा सांगीन."

आजचं सगळं व्याख्यान या उत्तरात आहे, असं म्हटलं तरी चालेल. काकूंना संडास नको आहे का? हवा आहे. पैसे द्यायची तयारी आहे का? या एका प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं त्यांनी दिली. वस्तू चालत असेल तर आहे, पाणी असेल तर आहे, आणि निर्णय माझ्या हातात असेल तर आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

ग्रामीण भागात शौचालयं बांधायचे सरकारी कार्यक्रम जुने आहेत. केंद्राचा ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम १९८६ चा. त्यानंतर १९९९ मध्ये संपूर्ण स्वच्छता अभियान आलं. २०१२ मध्ये त्याचं निर्मल भारत अभियान झालं आणि २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मिशन सुरू झालं. महाराष्ट्रात त्याआधीच, २०००-०१ पासून, संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान चालू होतं. तरीही २०११ च्या जनगणनेत ग्रामीण महाराष्ट्रातल्या फक्त ३८ टक्के घरांच्या आवारात शौचालय होतं. देशाच्या ग्रामीण भागाचा आकडा होता साधारण ३१ टक्के. म्हणजे आपण फार पुढे होतो असं नाही.

स्वच्छ भारत मिशनमध्ये पात्र कुटुंबाला १२,००० रुपयांचं प्रोत्साहन अनुदान ठरलं. बांधकामाचा वेग प्रचंड वाढला आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. भल्या पहाटे डबा घेऊन निघालेल्या माणसाला रस्त्यात गाठून गुलाबाचं फूल देणारं ते 'गुड मॉर्निंग पथक' तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल.

आता प्रश्न बदलला आहे. आधीचा प्रश्न होता, संडास आहे का? आताचा प्रश्न आहे, जो आहे तो चालतो का, आणि तो सुधारायला घरातली माणसं स्वतःचे पैसे घालतील का?

एका तालुक्यात दोन मुळशी

मुळशी डोळ्यांसमोर आणा. पौड हे तालुक्याचं ठिकाण. त्याच्या पूर्वेला पिरंगुट, भूगाव, माण, हिंजवडी. इथे कारखाने आहेत, आयटी कंपन्या आहेत, भाड्याच्या खोल्यांच्या चाळी आहेत. पश्चिमेला मुळशी धरणाचा फुगवटा, ताम्हिणी, आंबवणे, डोंगरकपारीतल्या वाड्या, धनगरवाडे, कातकरी वस्त्या. पूर्वेकडे जमिनीला गुंठ्याचा भाव, पश्चिमेकडे भाताची खाचरं.

पश्चिमेकडच्या पावसाची कल्पना यावी म्हणून एकच आकडा सांगतो. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात, म्हणजे २४ तासांत, ५५० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. पुणे शहरात वर्षभरात सरासरी सातशेच्या आसपास पडतो. म्हणजे शहराचा वर्षाचा बहुतेक पाऊस तिथे एका दिवसात कोसळला. आणि त्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत बायका डोक्यावर हंडा घेऊन चालतात. मुळशी धरणाचं पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिऱ्याला जातं. धरण डोळ्यांसमोर असून वाडीतली विहीर कोरडी, हे तिथल्या लोकांना नवीन नाही.

मग आता सांगा, चार महिने जमीन पाण्याने गच्च आणि तीन महिने पाण्याचा थेंब नाही, अशा जागी कोरड्या पठारावर बसेल तोच संडास बसेल का? घरातली माणसं पैसे काढत नाहीत तेव्हा आपण लगेच म्हणतो, "मानसिकता नाही." पण पुष्कळदा त्यांनी फक्त वस्तू पारखलेली असते.

'पैसे देण्याची तयारी' मोजायची कशी?

अर्थशास्त्रात याची एक पद्धत आहे. ज्या वस्तूला बाजारात भाव नाही तिची किंमत लोकांच्या मनात किती आहे ते विचारून काढायचं. एखाद्या सुधारणेचं वर्णन करायचं आणि विचारायचं, "यासाठी तुम्ही अमुक रुपये द्याल का?" हो म्हणाले तर रक्कम वाढवायची, नाही म्हणाले तर कमी करायची. घानातल्या कुमासी शहरात १९८० च्या दशकाच्या शेवटी शौचालयांसाठी असं सर्वेक्षण झालं होतं आणि त्याचा दाखला आजही दिला जातो.

दिसायला सोपं आहे. पण विचारायला बसलं की खाचखळगे कळतात.

पहिला खळगा पाहुणचाराचा. शहरातून चार माणसं वही घेऊन आली, चहा झाला, आणि त्यांनी विचारलं, "दोन हजार द्याल का?" समोरचा माणूस नाही कसं म्हणणार? तो म्हणतो, "देऊ की." हे 'देऊ की' म्हणजे खिशातून निघणारे दोन हजार नव्हेत.

दुसरा खळगा याच्या बरोबर उलट. लोकांना वाटतं, हे योजनेचे लोक दिसतात. जास्त आकडा सांगितला तर अनुदान जाईल. मग उत्तर येतं, "आमच्याकडे कुठले पैसे, साहेब?" तेही खरं उत्तर नव्हे.

तिसरा खळगा घाईचा. नायजेरियात १९९० च्या सुमारास पाण्याच्या नळासाठी असं सर्वेक्षण झालं होतं. त्यात काही कुटुंबांना तिथल्या तिथे उत्तर द्यायला सांगितलं आणि काहींना विचार करायला वेळ दिला. वेळ मिळालेल्यांनी सांगितलेली रक्कम स्पष्टपणे कमी निघाली. रात्री घरात चर्चा होते, बाकीचे खर्च आठवतात, मुलाची फी आठवते. कमी आलेली रक्कमच बहुधा खरी असते.

चौथा खळगा, विचारलं कुणाला? आपल्या काकूंचं उत्तर आठवा. अंधार पडायची वाट बघणं, पावसात छत्री आणि डबा सांभाळत बांधावर जाणं, पाळीच्या दिवसांतली अडचण, सापाची भीती, हे सगळं घरातल्या बाईच्या वाट्याला जास्त येतं. पण सर्वेक्षणाचा फॉर्म 'कुटुंबप्रमुख' विचारतो. म्हणजे ज्याला गरज सगळ्यात कमी, त्याच्या उत्तराला आपण घराची तयारी म्हणतो.

म्हणून आम्ही म्हणतो, एक आकडा मागू नका. पर्याय समोर ठेवा. "हा संडास असा, एवढ्या पैशांत. तो तसा, तेवढ्या पैशांत. कोणता घ्याल? त्यासाठी यंदा काय पुढे ढकलाल?" हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. काय पुढे ढकलाल, हे सांगता आलं तर ते उत्तर भरवशाचं.

जमिनीवरचं आणि जमिनीखालचं

आता आजच्या व्याख्यानातला मुख्य मुद्दा. संडास ही एक वस्तू नाही, त्या दोन वस्तू आहेत. जमिनीवर खोली असते, म्हणजे दार, कडी, फरशी, भांडं, दिवा, पाण्याची टाकी. जमिनीखाली खड्डा असतो.

खोलीचा फायदा कुणाला? घरातल्या माणसांना. आडोसा मिळतो, वेळ वाचतो, म्हाताऱ्या माणसाची सोय होते, पुण्याहून सून किंवा पाहुणे आले तर लाज राखली जाते. मुळशीत हे कारण आम्ही अनेकदा ऐकलं, "लग्न जमवायचं तर संडास लागतोच." या गोष्टीसाठी लोक पैसे देतात. अनुदानात स्वतःची भर घालून फरशा लावलेले संडास तुम्हाला गावोगाव दिसतील.

खड्ड्याचा फायदा कुणाला? खड्डा नीट असला तर खालच्या आळीतल्या विहिरीचं पाणी खराब होत नाही. शेजारच्या पोराला जुलाब होत नाहीत. यात घराचा वाटा आहे, पण मोठा वाटा इतरांचा आहे. आणि जो फायदा इतरांना होतो त्यासाठी माणूस एकटा पैसे देत नाही. मुळशीतलाच कशाला, पुण्यातल्या सोसायटीतला माणूस तरी कुठे देतो? सोसायटीचा मैलापाणी प्रकल्प बंद पडलेला असतो आणि बैठकीत चर्चा चालते प्रवेशद्वाराच्या रंगाची.

म्हणून 'लोक चांगल्या संडासाला पैसे द्यायला तयार आहेत का' या प्रश्नाचं सरसकट उत्तर फसवं निघतं. ज्याला ते चांगलं म्हणतात त्यासाठी ते देतात. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने जे चांगलं, त्यासाठी देतीलच असं नाही.

खड्ड्याचं गणित

दोन खड्ड्यांचा संडास म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

भांड्याला तीव्र उतार असतो, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. भांड्याखालच्या वाकड्या पाइपात थोडं पाणी साचून राहतं, म्हणून वास आणि माश्या वर येत नाहीत. पुढे इंग्रजी वाय अक्षरासारखी नाली आणि तिला जोडलेले दोन शोषखड्डे. एका वेळी एकच चालू, दुसऱ्याचं तोंड बंद. खड्ड्याच्या भिंतीला जाळीसारखी भोकं ठेवलेली असतात. पाणी आणि वायू मातीत जिरतात, घन भाग मागे राहतो.

एका माणसामागे वर्षाला साधारण ४५ लिटर घन भाग साठतो असं धरा. पाच माणसांचे झाले २२५ लिटर. एक मीटर व्यासाचा आणि वापराची खोली एक मीटर असलेला खड्डा म्हणजे सुमारे ७८५ लिटर. भागाकार करा, साडेतीन वर्षं आली. भरला की नाली दुसरीकडे वळवायची आणि पहिला खड्डा वर्ष-दोन वर्षं बंद ठेवायचा. तेवढ्या काळात त्याची माती होते. तिला वास नसतो, ती फावड्याने काढता येते आणि शेतात घालता येते. आपल्या भाषेत तिला नावही किती छान आहे, सोनखत.

हे झालं पुस्तकातलं. आता मुळशीच्या पश्चिमेला या. पावसाळ्यात भूजल अगदी वर येतं. पाणी जिरायला जागा नाही, मग खड्डा कोरडा कसा राहणार? ओल्या जागी घन भागाचं कुजणं मंदावतं आणि खड्डा साधारण दीडपट वेगाने भरतो. साडेतीन वर्षांचा खड्डा सव्वादोन वर्षांवर येतो. शिवाय खाली काळा पाषाण, वर मुरमाचा पातळ थर. खडकाला भेगा असल्या तर घाण पाणी न गाळता लांबवर वाहत जातं. विहिरीपासून किमान १० मीटर अंतर ठेवा असं सांगतात, पण भेगाळ खडकात तेवढं पुरेल याची खात्री नाही.

यावर उपाय आहेत का? आहेत. जोतं उंच करायचं, खड्ड्याचं तोंड जमिनीच्या वर घ्यायचं, भोवती मातीचा भराव करायचा. खडक भेगाळ असेल तर खड्ड्याचा तळ बंद करून भोवती अर्धा मीटर वाळूचा थर द्यायचा, म्हणजे पाणी गाळून बाहेर पडतं. अवघड काहीच नाही, पण खर्च वाढतो. माती, वाळू, वाहतूक. डोंगरातल्या वाडीवर गाडी जात नसेल तर वीट आणि वाळू डोक्यावरून न्यावी लागते. अनुदान मात्र सपाट गावाला १२,००० आणि घाटातल्या वाडीलाही १२,०००. म्हणजे ज्या घराला जास्त खर्च येणार, त्याच घराकडून आपण जास्त 'तयारी' मागतो.

मोठ्या टाकीचा मोह

आता पूर्वेकडच्या मुळशीत या. इथे पैशांची अडचण कमी आहे. शेतजमीन विकली गेली, भाड्याच्या खोल्या झाल्या, घरात पगार आला. लोक संडासावर भरपूर खर्च करतात. बांधतात काय? मोठी सेप्टिक टाकी. गवंड्याला सांगतात, "अशी बांध की आमच्या हयातीत उपसायला लागू नये."

हा आग्रह फक्त मुळशीचा नाही. उत्तरेकडच्या पाच राज्यांत २०१४ मध्ये एक मोठं सर्वेक्षण झालं होतं. त्यात दिसलं की चालू संडास असलेल्या ४० टक्क्यांहून जास्त घरांत किमान एक माणूस तरी बाहेरच जातो. आणि लोकांच्या मनातला खड्डा शिफारस केलेल्या खड्ड्याच्या कितीतरी पट मोठा होता. कारण विचारलं तर गाडी एका जागी येऊन थांबते. खड्डा भरल्यावर काढायचा कुणी? ते काम 'आपलं' नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. दोन खड्ड्यांच्या संडासात जे निघतं ती माती असते, हे डोक्याला पटतं, हाताला पटत नाही. जातीची आठवण फावड्याच्या दांड्यापर्यंत पोहोचलेली आहे.

मोठी टाकी हा प्रश्न सोडवत नाही, पुढे ढकलते. टाकी कधीतरी भरतेच. मग सक्शनची गाडी बोलवावी लागते. ती मैला कुठे नेऊन ओतते, हे फार कमी लोक विचारतात. टाकीचं जादा पाणी गटारात, गटार ओढ्यात, ओढा मुळेत. आणि गाडी मिळाली नाही तर माणूस उतरवला जातो. हाताने मैला साफ करायला माणूस लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी टाकीतल्या विषारी वायूने गुदमरून माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणून जास्त पैसे खर्च झाले म्हणजे स्वच्छता वाढली, असं समजू नका. काही वेळा त्या पैशांनी धोका फक्त दुसऱ्याच्या अंगावर ढकललेला असतो.

पैसा असतो, पण कधी असतो?

"मोबाइल आहे, मोटारसायकल आहे, संडास नाही," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ऐकायला चपखल आहे, पण जरा थांबा. मोबाइल पहिल्या दिवसापासून चालतो, हप्त्यावर मिळतो, बिघडला तर दुकानात नेता येतो, नको झाला तर विकता येतो. संडासाला जागा लागते, गवंडी लागतो, एकरकमी पैसा लागतो आणि तो फसला तर विकता येत नाही. अशा वस्तूसाठी कुणीही दहा वेळा विचार करेल.

भातशेतीच्या घरात पैसा दिवाळीनंतर येतो. जूनमध्ये तो बियाणं, खत, शाळेच्या वह्या यांत गेलेला असतो. योजनेचं अनुदान बहुतेक वेळा आधी बांधा, फोटो द्या, मग खात्यात जमा, असं मिळतं. ज्याच्याकडे आधी घालायला पैसेच नाहीत तो काय करणार? उसनवारी करणार किंवा ठेकेदाराला सगळं सोपवून मोकळा होणार. त्या संडासाबद्दल त्याला आपलेपणा वाटत नाही, हे वेगळं सांगायला नको.

याबाबत आपल्याच राज्यात अभ्यास झाला आहे. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत काही गावांमध्ये सूक्ष्म वित्तसंस्थेने संडासासाठी म्हणून कर्ज देऊ केलं, काही गावांमध्ये नाही. कर्ज मिळालेल्या गावांत संडास असलेल्या घरांचं प्रमाण सुमारे ९ टक्के-अंकांनी जास्त वाढलं. गंमत म्हणजे जवळपास निम्मी कर्जं दुसऱ्याच कामाला गेली, तरीही एवढा फरक पडला. कंबोडियात तर हप्त्याची सोय दिल्यावर त्याच किमतीला संडास घेणारी कुटुंबं काही पटींनी वाढली. वस्तू तीच, किंमत तीच, कुटुंबं तशीच. फक्त पैसे एकदम न मागता हळूहळू मागितले.

आणखी एक गोष्ट जमिनीची. कातकरी वस्तीतल्या अनेक घरांखालची जागा त्यांच्या नावावर नसते. उद्या उठवलं तर? ज्याला पुढच्या पावसाळ्यात आपण इथे असू याची खात्री नाही, त्याला जमिनीत पैसे पुरायला सांगणं हा अन्याय आहे. त्याची 'तयारी' शून्य दिसते. खरं तर तो आपल्याला जागेच्या हक्काबद्दल सांगत असतो.

शेजारच्या देहूची गोष्ट

हे सगळं अशक्य वाटू नये म्हणून पुणे जिल्ह्यातलंच उदाहरण देतो. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर तरुणपणी सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून देहूला आले. तो काळ १९६० च्या आसपासचा. येणारे बहुतेक रुग्ण पोटाच्या विकारांचे. औषध देऊन उपयोग नाही, रोग उघड्यावरच्या घाणीत आहे, हे त्यांना कळलं. सुरुवातीला बांधलेले संडास पावसाळ्यात फसले. त्यांनी लोकांना दोष दिला नाही, रचना बदलली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी संडास आणि सोनखताचं जे काम केलं होतं, त्यातून ते शिकले. गाव हळूहळू बदललं, पण त्याला दोन दशकं लागली. पुढे मैल्यापासून बायोगॅस करण्याच्या 'मलप्रभा' या त्यांच्या रचनेचं नाव झालं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

यातून आम्ही एकच गोष्ट घेतो. फसलेला संडास पुन्हा नीट करून देणारं कुणीतरी गावात होतं. लोक पहिल्यांदा पैसे घालतात ते उत्साहाने, दुसऱ्यांदा घालतात ते विश्वासाने. पहिला फसला आणि कुणी फिरकलं नाही, तर दुसऱ्यांदा कोण घालेल?

मग करायचं काय?

आमचं म्हणणं असं. सार्वजनिक पैसा जमिनीखाली जाऊ दे, घरचा पैसा जमिनीवर. खोली, दार, फरशी लोक आपल्या आवडीने आणि ऐपतीने करतील, ते करतच आहेत. खड्डा मात्र जागेप्रमाणे ठरवावा, त्याचा पूर्ण खर्च सरकारने उचलावा आणि घाटातल्या वाडीसाठी तो जास्त धरावा. कर्ज बचत गटामार्फत, बाईच्या नावाने आणि सुगीनंतरच्या हप्त्याने मिळावं. गावातल्या दोन गवंड्यांना ओल्या जागेतला खड्डा शिकवावा आणि एक पावसाळा गेल्यावर त्यांनी पुन्हा येऊन बघावं, याची मजुरी आधीच बाजूला ठेवावी.

अनुदानाने लोक आळशी होतात, असं म्हणतात. बांगलादेशात तानोर भागात झालेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या प्रबोधनाने फारसा फरक पडला नाही. पण प्रबोधनाच्या जोडीला गरीब कुटुंबांना अनुदान दिलं तेव्हा त्यांच्यात चांगल्या संडासांचं प्रमाण २२ टक्के-अंकांनी वाढलं, आणि अनुदान न मिळालेल्या त्यांच्या शेजाऱ्यांतही साडेआठने वाढलं. शेजारी बांधतोय हे बघून माणूस स्वतःचे पैसे काढतो. म्हणजे तयारी ही माणसाच्या खिशात ठरलेली रक्कम नसते. आजूबाजूला काय चाललंय त्यावर ती कमी-जास्त होते.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न: फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही. मग खड्डा फुकट का द्यायचा?*

गावातला रस्ता फुकट असतो, तरी आपण त्यावरून चालतो ना? खड्डा हा रस्त्यासारखा आहे, त्याचा फायदा सगळ्या गावाला होतो. घराने पैसे घालायला हवेतच, पण जे घराचं आहे त्यात. आणि दुरुस्तीची थोडी जबाबदारी घराची राहू दे.

*प्रश्न: आमच्या घरी एकच खड्डा आहे. सगळं तोडावं लागेल का?*

नाही. जागा असेल तर शेजारी दुसरा खड्डा घ्या. दोन्हींत किमान एक मीटर अंतर ठेवा, मध्ये वाय आकाराची जोडणी करा. भांडं आणि खोली तशीच राहते. फक्त पहिला खड्डा भरून वाहायच्या आत हे करा, नंतर अवघड जातं.

*प्रश्न: त्या काकूंच्या संडासाचं पुढे काय झालं?*

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गेलो होतो. सरपण बाहेर आलं होतं. त्यांच्या भावाने मुरूम आणून खड्ड्याचं तोंड दोन फूट वर घेतलं होतं, बचत गटाचे थोडे पैसे लागले म्हणाल्या. पण तेव्हा मे महिना होता, आणि त्या हंडा घेऊन पाण्याला निघाल्या होत्या. पावसाळ्यात चालतो का, असं विचारलं. म्हणाल्या, "एक पाऊस जाऊ दे की. मग सांगते."

इथेच थांबतो.